खुर्ची राखायला बसवलेली बाई

शेतातून नुकत्याच घरी आलेल्या, रेडिओ ओट्यावर ठेवून भाकरी थापणाऱ्या, गटाची बैठक आटोपून अजून पारावरच बसलेल्या, सगळ्यांना नमस्कार.

आज मी एका निवडणुकीची गोष्ट सांगणार आहे. घाबरू नका, कोणाच्या प्रचाराला आलेली नाही. ही निवडणूक नव्वद वर्षांहून जुनी आहे आणि झाली सातासमुद्रापार, अमेरिकेत. तरी मी ती निवडली, कारण तिच्यातला प्रश्न आपल्या गावातलाच आहे.

आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या आरक्षणाची सोडत निघते. वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला की घराघरांतून बायकांची नावं शोधली जातात. "वहिनी, फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो." वहिनी निवडून येतात, पाच वर्षं काढतात, हळूहळू काम शिकतात. पुढच्या सोडतीत तोच वॉर्ड खुला होतो आणि तीच माणसं म्हणतात, "झालं तुमचं. आता जागा मोकळी झाली." मोकळी कोणासाठी झाली? खुल्या जागेवर बाईनं उभं राहू नये असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. खुली म्हणजे सगळ्यांना खुली, त्यात बाईही आली. पण पुन्हा उभं राहायचा विचार आपल्यातल्या किती जणी करतात?

हाच प्रश्न १९३२ साली हॅटी कॅरवे नावाच्या बाईंसमोर आला होता. आपण त्यांना हॅटीबाई म्हणू.

अमेरिकेच्या दक्षिणेकडे आर्कान्सा नावाचं राज्य आहे. तेव्हा ते कापसाचं राज्य होतं. कापूस पिकला आणि विकला तर चूल पेटायची, नाही तर सावकार होताच. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला, त्यात या राज्याची मोठी जमीन पाण्याखाली गेली. १९३० साली उलट झालं, भीषण दुष्काळ पडला. त्यात जगभराची मंदी. १९२९ साली पौंडाला सोळा-सतरा सेंटनं विकला जाणारा कापूस १९३१ साली सहा सेंटच्या आसपास आला. जानेवारी १९३१ मध्ये या राज्यातल्या इंग्लंड नावाच्या छोट्या गावात भुकेले शेतकरी एकत्र जमून अन्न मागू लागले, ती बातमी देशभर गाजली. अशा दिवसांतली ही निवडणूक आहे.

आता तिथली पद्धत थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या संसदेत दोन सभागृहं आहेत, त्यातलं वरचं म्हणजे सिनेट. प्रत्येक राज्यातून सिनेटवर दोघं जातात, सहा वर्षांसाठी. १९१३ पासून त्यांना लोक थेट मतं देऊन निवडतात. मुदतीच्या मध्येच एखादा सदस्य वारला, तर राज्याचा गव्हर्नर तात्पुरतं कोणाला तरी नेमू शकतो. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्या राज्यपालांसारखा नव्हे, तर निवडून आलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा.

आर्कान्साच्या दोन जागांपैकी एका जागेवर थॅडियस कॅरवे होते. ६ नोव्हेंबर १९३१ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या मुदतीतलं सव्वा वर्षाहून थोडं जास्त उरलं होतं. त्या जागेवर डोळा ठेवून बसलेले पुढारी बरेच होते. त्यातल्या एकाला नेमलं असतं तर बाकीचे रुसले असते. मग गव्हर्नर हार्वे पार्नेल यांनी सोपी वाट काढली. त्यांनी कॅरवेंच्या पत्नीला नेमलं. बाईमाणूस, त्यात दुःखात, वय त्रेपन्न. उरलेले महिने बसेल, मग उठून घरी जाईल आणि जागा तशीच्या तशी पुरुषांना परत मिळेल, असा सगळ्यांचा हिशेब.

या हॅटीबाई कोण होत्या? जन्म १८७८ चा, टेनेसी राज्यातल्या शेतकरी घरातला. शिकल्या, १८९६ साली पदवी घेतली, शाळेत शिकवलं. १९०२ साली लग्न झालं आणि त्या आर्कान्सातल्या जोन्सबरो गावी आल्या. तीन मुलगे झाले. नवरा राजकारणात, त्यामुळे घर, मुलं आणि शेतीकडे बघणं यांच्याकडे. बोलणं कमी. सभा गाजवणाऱ्या बाई त्या नव्हेतच.

त्यांच्या आधी सिनेटमध्ये एकच बाई येऊन गेली होती, जॉर्जिया राज्याच्या रिबेका फेल्टन. १९२२ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, आणि तीही एका दिवसापुरती, मानाची नेमणूक म्हणून. हॅटीबाईंना बसायला मेज मिळालं तेही या फेल्टनबाईंचंच. इतक्या मोठ्या सभागृहात दोन बायकांसाठी एकच मेज कसं काय निघालं, यावर त्यांनी आपल्या रोजनिशीत टोमणा मारून ठेवला आहे. तोंडानं गप्प असली तरी बाई सगळं बघत होती.

नेमणुकीनंतर उरलेल्या मुदतीसाठी पोटनिवडणूक घ्यावी लागली. ती १२ जानेवारी १९३२ ला झाली. पक्षानंच त्यांना उमेदवारी दिली होती, पक्षातल्या महिलांच्या क्लबनं प्रचाराला हातभार लावला. समोर दोन अपक्ष होते, नावापुरते. शंभरातली नव्वदहून जास्त मतं हॅटीबाईंना पडली. अमेरिकेच्या सिनेटवर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला. इतिहासाच्या पुस्तकात ही तारीख ठळक छापतात.

पण मला विचाराल तर खरी निवडणूक ती नव्हे. जानेवारीतलं यश त्यांना वाढलेल्या ताटासारखं मिळालं होतं. सगळ्यांना ते चालत होतं, कारण त्यानं कोणाचंच काही जात नव्हतं. खरी निवडणूक पुढे ऑगस्टमध्ये झाली.

मे १९३२ मध्ये एके दिवशी उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स कर्टिस यांनी हॅटीबाईंना मान म्हणून काही वेळ सिनेटच्या अध्यक्षस्थानी बसवलं. त्या खुर्चीवर बाई बसण्याची ती पहिलीच वेळ. वार्ताहर गोळा झाले, आणि बाईंनी तिथंच सांगून टाकलं की पुढच्या सहा वर्षांसाठी मी उभी राहणार. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा होता, की दुसरा कोणी तयार होईपर्यंत बाईला जागेवर बसवून ठेवायचं, ते दिवस आता गेले.

मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्या गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावं असं आहे.

आर्कान्सात एकच गोंधळ उडाला. तिथं तेव्हा डेमॉक्रॅटिक पक्षाचंच राज्य होतं. पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायला आधी पक्षांतर्गत मतदान व्हायचं, आणि ते जो जिंकला तो पुढची निवडणूक जिंकल्यातच जमा. या मतदानात हॅटीबाईंच्या विरोधात सहा जण उभे होते, सगळे पुरुष. त्यात एक माजी गव्हर्नर, एक माजी सिनेटर, एक माजी सैनिकांच्या मोठ्या संघटनेचा माजी राष्ट्रीय प्रमुख. बाईंकडे ना पैसा, ना कार्यकर्त्यांची फौज, ना पक्षातल्या बड्यांचा हात. जाणकार म्हणवणारे त्यांना हिशेबातच धरत नव्हते.

तेव्हा शेजारच्या लुईझियाना राज्याचा सिनेटर ह्यूई लाँग मदतीला आला. हा गडी भन्नाट होता. भाषणाचा वाघ, गरिबांचा कैवारी म्हणवणारा, आणि आपल्या राज्यात हुकूमशहासारखा वागणाराही. त्यानं श्रीमंतांच्या उत्पन्नाला मर्यादा घालायची सूचना सिनेटमध्ये मांडली होती, तिला हॅटीबाईंनी पाठिंबा दिला होता. शिवाय आर्कान्साचा दुसरा सिनेटर जोसेफ रॉबिन्सन हा लाँगचा प्रतिस्पर्धी. त्याच्या घरात शिरून आपलं बळ दाखवायचं, हाही लाँगचा डाव होता. मदत अशी क्वचितच फुकट येते, हे आपण जाणतोच.

१ ऑगस्टला मॅग्नोलिया गावापासून दौरा सुरू झाला. मतदान ९ तारखेला. भर उन्हाळ्यात, आठवडाभरात दोन हजार मैलांवर प्रवास आणि ३९ सभा. भोंगे लावलेल्या दोन गाड्या होत्या. एका गावात सभा चालू असायची तेव्हा दुसरी गाडी पुढच्या गावात जाऊन माणसं जमवायची. त्या काळात खेड्यात असा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. सभेत एखादं मूल रडायला लागलं की त्याला पाणी पाजायला, रमवायला माणसं नेमलेली होती. म्हणजे आईला उठून जायला लागू नये. आपल्या ग्रामसभेत अशी सोय असती तर किती बायका शेवटपर्यंत बसल्या असत्या, विचार करा.

लाँग गावोगाव सांगायचा, की एका बाईच्या मानगुटीवर बसलेल्या ढेरपोट्या पुढाऱ्यांना खाली ओढायला मी आलोय. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. मग हॅटीबाई उठायच्या. काळ्या कपड्यातल्या, साध्या. थोडकंच बोलायच्या.

निकाल लागला. सात उमेदवारांत बाईंना जवळजवळ ४५ टक्के मतं पडली. दुसऱ्या क्रमांकावरच्या उमेदवाराच्या जवळपास दुप्पट. आर्कान्साचे ७५ विभाग आहेत, त्यांना तिथं काउंटी म्हणतात. त्यातल्या ६१ मध्ये त्या पहिल्या आल्या. नोव्हेंबरातली मुख्य निवडणूक तर त्यांनी सहजच जिंकली.

लोक म्हणाले, लाँगनं बाईला निवडून आणलं. आजही बरेच जण तसंच लिहितात. त्याचा वाटा मोठा होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण जरा गटाचा हिशेब तपासतो तसा हा हिशेब तपासू. लाँग फिरला तीसेक काउंटींत. बाई जिंकल्या ६१ मध्ये. म्हणजे जिथं त्याचा भोंगा पोचलाच नाही अशा कितीतरी ठिकाणीही लोकांनी बाईंना मत दिलं. ती मतं कोणाची? कापसाच्या शेतकऱ्यांची, आणि बायकांचीही. आर्कान्सात बायकांना पक्षांतर्गत मतदानाचा हक्क १९१७ सालीच मिळाला होता, देशभरच्या बायकांना मताचा हक्क मिळाला त्याच्या तीन वर्षं आधी. आणि अर्ज भरायचा निर्णय तर लाँगचा नव्हताच. बाईंनी मे महिन्यात नाव दिलं नसतं, तर ऑगस्टमध्ये लाँग कोणासाठी फिरला असता?

मदत घेतली म्हणून त्या मिंध्या राहिल्या का? तर नाही. पुढे लाँग राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या विरोधात गेला. हॅटीबाई मात्र रूझवेल्ट यांच्या शेतकरी आणि बेकारांसाठीच्या योजनांच्या बाजूनं राहिल्या, कारण आपल्या राज्याला त्यांची गरज आहे हे त्यांना दिसत होतं. प्रचाराला गाडी कोणाची घ्यायची हा एक भाग झाला. हात कशाच्या बाजूनं वर करायचा, तो निर्णय आपला ठेवायचा.

१९३८ साली त्या पुन्हा उभ्या राहिल्या. तेव्हा लाँग हयात नव्हता, १९३५ सालीच त्याची हत्या झाली होती. समोर जॉन मक्लेलन नावाचा तरुण, दमदार उमेदवार. त्याची घोषणाच अशी की आर्कान्साला सिनेटमध्ये आणखी एक पुरुष हवा. बाई सुमारे ८,००० मतांनी जिंकल्या. फरक थोडा होता, पण या वेळी भोंगेवाला बरोबर नव्हता. १९४४ साली मात्र विल्यम फुलब्राइट यांच्यासमोर त्या हरल्या, चौघांत शेवटच्या आल्या. हरल्या तरी तोवर तेरा वर्षं सिनेटमध्ये बसून झाली होती. काही महिन्यांसाठी म्हणून बसवलेली बाई तेरा वर्षं राहिली.

त्या सिनेटमध्ये भाषणं फारशी करत नसत. लोकांनी त्यांचं नावच 'गप्प हॅटी' पाडलं होतं. विचारलं तर त्या हसून सांगायच्या, की पुरुषांना बोलायची इतकी हौस, त्यांचा वेळ मी कशाला घेऊ! पण शेतीच्या समितीवर त्यांनी काम केलं, पूरनियंत्रणात लक्ष घातलं, सिनेटच्या एका समितीचं अध्यक्षपद मिळालेल्याही त्या पहिल्या महिला. १९४३ साली स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीच्या प्रस्तावावर त्यांनी सूचक म्हणून नाव घातलं. गप्प असणं आणि बिनकामाचं असणं यात फरक आहे. आपल्या गटातही बैठकीत एक शब्द न बोलणारी, पण बँकेचं पासबुक पाठ असलेली एक तरी बाई असतेच.

इथवर गोष्ट गोड आहे. पण तिची दुसरी बाजू न सांगता मी उठले तर ते बरं होणार नाही.

ज्या मतदानात हॅटीबाई जिंकल्या, त्यात आर्कान्सातल्या काळ्या लोकांना मत देताच येत नव्हतं. पक्षाचा नियमच तसा होता, पक्षांतर्गत मतदान फक्त गोऱ्यांचं. शिवाय मत द्यायचं तर आधी वर्षाला एक डॉलर कर भरून पावती घ्यावी लागे. सहा सेंटच्या भावानं एक डॉलर म्हणजे सोळा-सतरा पौंड कापूस, आपल्या मापानं सात-साडेसात किलो. गरिबाच्या घरात एकच डॉलर असला, तर पावती नवऱ्याच्या नावाची फाटेल की बायकोच्या, ते तुम्हीच सांगा.

आणि हॅटीबाईंनी यावर काय केलं? काळ्या माणसांना जमावानं ठार मारण्याचे प्रकार तेव्हा दक्षिणेत होत होते. ते रोखण्यासाठीच्या कायद्याला १९३८ साली त्यांनी विरोध केला. १९४२ साली मतदानावरचा कर उठवायचं विधेयक आलं, तेव्हा ते अडवणाऱ्या दक्षिणेतल्या सिनेटरांमध्येही त्या होत्या. स्वतःला दाराबाहेर ठेवलेलं त्यांना बोचलं, पण दुसऱ्यांना बाहेर ठेवलेलं चाललं. म्हणून बाई निवडून आली एवढ्यावर आपण समाधान मानायचं नाही. ती आत जाऊन कोणासाठी दार उघडते आणि कोणासाठी लावून घेते, तेही बघायचं. वस्तीवरच्या बाईचा घरकुलाचा अर्ज सरपंचबाईच्या टेबलावर किती दिवस पडून राहतो, हाही प्रश्न विचारायचा.

आपल्या देशाचं एक बरं झालं. १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत सगळ्या प्रौढांना मत मिळालं. जात, पैसा, शिक्षण काही आडवं आलं नाही. पण तिथंही एक गोष्ट घडली. मतदार यादी करणारे घरोघर गेले तेव्हा, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, असंच सांगितलं. निवडणूक आयोगानं अशी नावं घ्यायला नकार दिला, आणि सुमारे २८ लाख बायका मतदार यादीतून बाहेर राहिल्या. हक्क होता, पण नाव नव्हतं.

हॅटीबाईंनाही आधी 'कॅरवेंची विधवा' म्हणूनच नेमलं होतं. मे महिन्यात त्यांनी स्वतःचं नाव दिलं, तिथून पुढे त्या हॅटी कॅरवे झाल्या.

आता तुमच्यासाठी थोडं काम. येत्या मासिक बैठकीत हप्ते आणि बचत जमा झाली की पंधरा मिनिटं जास्त बसा आणि तीन गोष्टी बोला.

पहिली, आपल्या गावात आजवर राखीव जागेवर निवडून आलेल्या बायका किती, आणि त्यातल्या किती जणी नंतर खुल्या जागेवर उभ्या राहिल्या? नावं काढा, वहीत लिहा.

दुसरी, आत्ता ज्या सदस्य किंवा सरपंच आहेत त्यांना बैठकीला बोलवा. ठराव कोण लिहितं, सही करण्याआधी कागद त्या वाचतात का, हे प्रेमानं विचारा. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या पोरीनं बरोबर जायचं. सरपंचाच्या नवऱ्यानं जायची गरज नाही.

तिसरी, पुढच्या वेळी आपल्यातली कोण उभी राहील, हे सोडतीची वाट न बघता आत्ताच ठरवा. जागा राखीव निघाली तर उत्तम. खुली निघाली तरी नाव तेच ठेवा. मतदार यादीत तिचं नाव नीट लिहिलंय का, तेही याच महिन्यात तपासून घ्या. अर्जाच्या दिवशी लागणारे कागद गोळा करायला वेळ लागतो, आणि ऐन वेळी अडतं ते नेहमी कागदावरच.

कोणी म्हणेल, बाई हरली तर? हरेल. हॅटीबाईही शेवटी हरल्याच की. पण बसवलेल्या जागेवरून उठवलं म्हणून त्या मुकाट्यानं घरी गेल्या नाहीत. लोकांनी मतं दिली तोवर राहिल्या, लोकांनी नको म्हटलं तेव्हा उतरल्या. पुरुष पुढाऱ्यांना जी रीत लागू, तीच त्यांना लागू झाली. आपल्यालाही तेवढीच हवी आहे.

तुमच्या बैठकीत काय बोलणं झालं ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या वेळी त्यातलीच एखादी गोष्ट घेऊन येईन. तोवर नमस्कार, आणि बचतीचा हप्ता वेळेवर भरा बरं का!